लांबचं बसवू की जवळचं?

ती. वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर जिथपर्यंत वाकते तिथपर्यंतच वाकले आहे. उरलेला नमस्कार मनातल्या मनात मानून घ्यावा.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? लेक, सून, नातवंडं सगळी खुशाल ना? फोनवर विचारलं असतं, पण फोन तुमच्या लेकाचा, तो शेजारी उभा, आणि तुम्ही आपल्या "बरं आहे, बरं आहे" म्हणून मोकळ्या. आयुष्यभर ज्या बाईने चहात साखर कमी पडली तरी तासभर गाऱ्हाणं गायलं, ती सगळंच बरं आहे म्हणायला लागली की काहीतरी बिनसलंय हे मला कळतं. म्हणून म्हटलं पत्र लिहावं. पत्र तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून, कागद नाकाला लावून, एकट्याच वाचाल. ओळी वरखाली गेल्या असतील तर बोलू नका, एका डोळ्याचं लिखाण आहे. एकाच डोळ्याचं का, ते आता सांगते. मध्ये उठू नका.

तुम्ही लेकाकडे गेलात आणि थोड्याच दिवसांत आपल्या खिडकीची काच घाण झाली. मी पुसली. पुन्हा घाण. रद्दीने पुसली, व्हिनेगरने पुसली, बाहेरून पुसायला म्हणून खालच्या मजल्यावरच्या रिटायर कंडक्टरना शिडीवर चढवलं. (ते चढले, पण उतरताना "थांबा, थांबा, उतरणाऱ्याला उतरू द्या" असं स्वतःलाच ओरडत होते. सवय जात नाही.) तरी रस्ता धुरकटच. मग एके दिवशी खिडकी उघडी होती, काच मध्ये नव्हतीच, आणि रस्ता तस्साच धुरकट. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की घाण काचेवर नाही, माझ्या डोळ्यांत आहे. तुम्ही असतात तर पहिल्याच दिवशी म्हणाला असतात, "अगं वेंधळे, मोतीबिंदू आहे तो!" आणि एवढं व्हिनेगर वाचलं असतं.

आता बघा, आपलं कसं होतं. तुम्हाला लांबचं दिसत नाही, मला जवळचं. तुम्ही सकाळी चष्मा वर करून सगळ्या सुयांत दोरे ओवून गादीला टोचून ठेवायच्या, मी दिवसभर काजं करायची. संपली सुई की मी न बघता हात बाजूला करायचा आणि तुम्ही दुसरी हातात ठेवायची. बाहेर पडलो की माझी पाळी. बस कुठली, पाटी काय, समोरून येतंय ते कोण आणि त्याच्याशी आपलं बोलणं चालू आहे की बंद, हे मी सांगायचं. दोघी मिळून एक धडधाकट बाई होत होती. तुमच्या लेकाने त्यातली अर्धी उचलून नेली. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, आई ती आई, आणि नातवंडांना आजी हवीच. पण अर्धी उरलेली मी, तिने काय करायचं होतं? सुईच्या नाकात दोरा घालता घालता माझ्याच नाकी नऊ यायला लागले. दोरा ओला करायचा, पिळायचा, रोखून धरायचा आणि बोटात टोचून घ्यायचा. शेवटी दोरा जाईना तेव्हा मी मोठ्या नाकाची गोधडीची सुई घेतली, आणि तिथून सगळं बिघडलं.

कोटवाल्याने काजांसाठी एक काळा कोट पाठवला होता. न्यायाधीशाचा. कापड असं की हात लावताना हात धुवावेसे वाटावेत. मी दिव्याखाली बसले, सगळी काजं केली, गोधडीच्या सुईने केली तरी टाका असा आला की माझं मलाच कौतुक वाटलं. चार दिवसांनी कोटवाला जिना चढून स्वतः वर आला. (तो जिना चढतो म्हणजे काय झालं असेल ते ओळखा. एरवी खालूनच हाका मारतो.) त्याने कोट माझ्यासमोर धरला आणि काजांवर बोट ठेवलं. पुरुषांच्या कोटाला काजं डाव्या अंगाला, हे मी झोपेतही सांगेन. मी ती उजव्या अंगाला केली होती. काळ्यावर काळं, मला काय कळणार डावं की उजवं! बटण चुकीचं लावलं तर उसवता येतं, पण काज एकदा कापलं की कापलं. तो न्यायाधीश बिचारा घरी आरशासमोर उभा राहून बराच वेळ बटणं शोधत होता म्हणे, आणि शेवटी त्याच्या बायकोने तोच कोट घालून बघितला तर तिला अगदी मापात. मी हसले. कोटवाला हसला नाही. तो एवढंच म्हणाला की काकू, एकतर डोळे करून घ्या, नाहीतर सुई खाली ठेवा. वन्सं, मला फार लागलं ते. इतक्या वर्षांत माझ्या हातचं एक काज परत आलं नव्हतं. तुम्ही बाजूला असताना यायची बिशादच नव्हती, कारण कोट मांडीवर घेतल्याबरोबर तुम्ही "डावी बाजू!" म्हणून खेकसायच्या. मला त्या खेकसण्याचा किती राग यायचा, आणि आता ते कुठून आणू?

मग गेले सरकारी दवाखान्यात, विम्याचं कार्ड घेऊन. तिथे विम्याची वेगळी खिडकी आहे आणि तिच्यामागे एक बाई बसते, तिला सगळे विमाताई म्हणतात. वयाने आपल्या भाचीएवढी, पण चेहरा असा की जन्मताना रडायचं की नाही हेसुद्धा हिने नियम बघून ठरवलं असावं. तिचं बोलणं दोनच वाक्यांचं. हे विम्यात बसतं, आणि हे विम्यात बसत नाही. ऑपरेशन बसतं. खाट बसते. हिरवा झगा बसतो, पण मागच्या नाड्या तुटलेल्या असतील तर त्या बसत नाहीत. (माझ्या तुटलेल्या होत्या. मी तिथेच बसून लावून घेतल्या, अर्थात अंदाजाने, त्यामुळे एक नाडी बाहीला लागली.) डोळ्यातलं भिंग बसतं. थेंबांची पहिली बाटली बसते, दुसरी नाही. काळा चष्मा नाही, वाचायचा चष्मा नाही, येण्याजाण्याची गाडी नाही. पेशंटला चहा आणि दोन बिस्किटं बसतात, सोबतच्या माणसाचा चहा बसत नाही. माझ्यासोबत माणूसच नव्हता, तेव्हा तो चहा सरकारला तसाही पडणार नव्हता. मी विचारलं, घरी गेल्यावर डोळ्यात थेंब कोण घालणार? ते विम्यात बसत नाही, म्हणाली. तिचा दोष नाही. तिला जेवढं बसवायला दिलंय तेवढंच ती बसवणार.

एवढ्यात तिने कार्ड मशीनवर ठेवलं आणि म्हणाली, काकू, यावरचं दुसरं नाव गेलंय. वन्सं, दुसरं नाव म्हणजे तुमचं! मी खिडकीवर हात आपटला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडले की गेली म्हणजे काय, चांगली धडधाकट आहे ती, परवाच फोनवर बरं आहे म्हणाली! मागचे लोक दोन पावलं सरकले. विमाताईने पाणी दिलं (ते बसतं बहुतेक) आणि समजावलं, की तुमच्या लेकाने तुम्हाला त्याच्या कार्डावर चढवलंय, म्हणून माझ्या कार्डावरून आपोआप उतरवलंय. एक माणूस एका वेळी एकाच कार्डावर असतो. कार्ड जिथलं तिथलाच दवाखाना. म्हणजे सरकारचं म्हणणं असं की माणूस एका वेळी एकाच घरातला असतो. मी म्हटलं, बाई, तिची उशी माझ्याकडे आहे, तिची घसरणारी चप्पल माझ्याकडे आहे, तिची तपकिरी शाल मी स्वतः उन्हात घालते, मग ती तिकडची कशी? कार्डावर आता माझं एकटीचं नाव आहे आणि खाली कोरी जागा. मशीनमधून निघालेला नवा कागद मी घडी घालून पिशवीत ठेवला आणि बाकावर जाऊन बसले. तेव्हा मी रडले. कशाला लपवू? मोतीबिंदूच्या रांगेत बसलेल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं तर कुणाला काही वाटत नाही, तेवढी सोय आहे.

डॉक्टरीणबाई मात्र गोड आहे. डोळ्याचं माप घेतलं आणि विचारलं, आजी, भिंग लांबचं बसवू की जवळचं? मी म्हटलं, म्हणजे? तर विम्यातलं साधं भिंग एकच काम करतं. लांबचं बसवलं तर रस्ता स्वच्छ, पण हातातलं धूसर, त्याला चष्मा. जवळचं बसवलं तर हातातलं स्वच्छ आणि रस्ता धूसर, त्यालाही चष्मा. दोन्ही दिसेल असं भिंग असतं, पण ते विम्यात बसत नाही. आणि चष्माही विम्यात बसत नाही, हे मला तोवर पाठ झालं होतं. मी हातातलं बघून जगणारी बाई, दुसरं कुणी असतं तर एका दमात उत्तर दिलं असतं. मी पिशवीचे बंद आवळत बसले. ती म्हणाली, घाई नाही, उद्या सांगा.

झालं, सगळ्या गावाला काम मिळालं. कोटवाला म्हणाला यात विचारायचं काय, जवळचं, काज काय रस्त्यावर करणार आहात? कंडक्टर म्हणाले, लांबचं. माणसाला बस दिसली पाहिजे, बाकी सगळं मागून येतं. दवाखान्यातल्या बाकावर एक म्हातारबाबा भेटले, त्यांनी पत्ते नीट दिसावेत म्हणून जवळचं बसवून घेतलं होतं. आता हातातले पत्ते लख्ख दिसतात, पण समोरचा पत्ता लपवतो ते दिसत नाही, रोज हरतात. विमाताईला विचारलं तर म्हणाली, दोन्हीपैकी कुठलंही बसतं. मी तुम्हालाही विचारणार होते. फोन लावला होता. तुम्ही बरं आहे म्हणालात, मीही बरं आहे म्हणाले, आणि फोन ठेवला. मी डॉक्टरीणबाईला काय उत्तर दिलं ते पुढे लिहिते, आत्ता दूध वर आलंय.

दूध थोडं गेलंच. असो. ऑपरेशन काहीच नाही हो, आपण उगीच घाबरतो. कानाशी कुणीतरी दोन गोष्टी बोलतं, डोळ्यात दिवा येतो, आणि झालं. माझ्या आधीच्या बाईच्या सोबतीला लेक, सून, जावई, जावयाची आई, एवढी माणसं होती की तिला बाहेर काढायला वाट करावी लागली. माझं नाव पुकारून नर्सने विचारलं, यांच्यासोबत कोण? मी म्हटलं, येताहेत. (खोटं बोलले. पण एवढ्या सगळ्यांसमोर कुणीच नाही असं म्हणवेना.) घरी आणलं कंडक्टरांनी. थेंबही तेच घालतात. वेळेच्या आधी एक मिनिट नाही आणि नंतर एक मिनिट नाही. दारात उभे राहून चला, चला म्हणतात, मी मान वर करते, थेंब पडला की जिभेने टक करून आवाज काढतात आणि खाली निघून जातात. भला माणूस आहे. पण वन्सं, थेंब घालून झाल्यावर आपली माणसं पदराने गाल टिपतात. ते कुणी शिकवून येत नाही.

पट्टी निघाली आणि घर बघितलं तर मी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटायचं आपलं घर आरशासारखं आहे. अहो, कोळ्यांनी संसार थाटलेत! आणि एक सांगते, हसू नका. पडदा निळा आहे. मी गेली कित्येक वर्षं तो हिरवा आहे म्हणून तुमच्याशी भांडले, अबोला धरला, एकदा तर तुमच्या वाटणीची पोळीही कंडक्टरांना देऊन टाकली. निळाच आहे. जिंकलात. आता माझ्याजवळ भांडायला काही उरलं नाही, आणि भांडायला माणूसही नाही. मी सगळ्या भिंती पुसून काढल्या. तुमच्या खुर्चीमागे, जिथे डोकं टेकायच्या, तिथे तेलाचा एक गोल डाग आहे. त्यावरून मी तुम्हाला किती बोलले होते! ओला फडका घेऊन गेले त्याच्यापाशी आणि तसाच घेऊन परत आले. तो डाग राहू दे म्हटलं.

तर असं माझं सगळं उत्तम चाललं आहे. काळजीचं कारण नाही. तुम्ही उगीच दगदग करून येण्याची काहीएक गरज नाही, तिकडे नातवंडांत रमल्या आहात त्यातच मला आनंद आहे. सुनेला जास्त बोलू नका, बोललात तर दुपारच्या आत बोलून टाका, म्हणजे संध्याकाळपर्यंत निवळतं. (हे मी अनुभवाने सांगते.) गुडघ्यांना शेक देत जा. लेकाला आशीर्वाद, नातवंडांना गालगुच्चे, तुम्हाला पुन्हा नमस्कार, या वेळी खुर्चीत बसूनच.

तुमची,
वेंधळी

ता. क. डॉक्टरीणबाईला काय सांगितलं ते राहूनच गेलं. लांबचं सांगितलं. कोटवाल्याने हे ऐकलं आणि पुन्हा जिना चढून आला, त्याला दम लागला आणि संताप आला, दोन्ही एकदम, त्यामुळे काय म्हणाला ते मला नीट कळलं नाही. पण आता खिडकीत बसलं की थेट बस थांब्यापर्यंतचा रस्ता दिसतो. बसची पाटी दिसते, पायरी दिसते, कोण उतरतं ते दिसतं. दुपारच्या गाडीतून जाड भिंगांचा चष्मा लावलेली कुणी बाई आधी पिशवी आणि मग पाय खाली ठेवत उतरली की मी उठून चहाच्या भांड्यात एक कप पाणी वाढवते. ती बाई पुढच्या गल्लीत वळते. मग दोन्ही कप मीच पिते आणि रात्रभर पित्ताने तळमळते. पित्त विम्यात बसत नाही, विचारून आले.

ता. क. दुसरा. म्हणजे आता लांबचं मला दिसतं, पण जवळचं आधीपेक्षाही धूसर आहे. सुया गादीला तशाच टोचलेल्या आहेत, बिनदोऱ्याच्या. माझं काम अडलंय, वन्सं. तेवढे दोरे ओवायला तरी यावं लागेल. शिवाय विमाताई म्हणते की तुम्ही स्वतः खिडकीवर येऊन अंगठा दिलात तर नाव परत माझ्या कार्डावर चढतं. एवढी साधी गोष्ट आहे. लेकाला सांगा, विम्याच्या कामाला जाऊन येते. सरकारी काम म्हटलं की कुणी अडवत नाही. आणि सरकारी काम म्हटलं की किती दिवस लागतील हेही कुणी विचारत नाही.

ता. क. शेवटचा. खोटं कशाला बोलू, तुम्हाला एव्हाना कळलंच असेल, कारण ओळी एकदम सरळ आल्या आहेत. मी बाजारातून जवळचा चष्मा आणलाय. त्याने पत्र लिहिता येतं आणि दोराही ओवता येतो, पहिल्याच फटक्यात जातो. काम काही अडलेलं नाही, न्यायाधीशाचा नवा कोट कालच डाव्या अंगाने करून दिला. पण सुई संपली की हात अजून बाजूला जातो. बराच वेळ तसाच राहतो, मग मी तो परत घेते. आता दुसऱ्या डोळ्याचीही वेळ आली आहे, तो विम्यात बसतो. तुम्ही येणार असाल तर तोही लांबचाच करून घेते, जवळचं तुम्ही बघालच. येणार नसाल तर तो जवळचा करते, मग एका डोळ्याने सुई बघेन आणि एकाने रस्ता. डॉक्टरीणबाईने काल पुन्हा तेच विचारलं, आजी, लांबचं की जवळचं? मी म्हटलं, थांब बाई, घरी विचारून सांगते. तर विचारते आहे.